क्लच खरंच गेला का?

(गटाच्या ट्रॅक्टरवरील रेडिओ मालिकेतील भाषण)



मागच्या भागात आपण एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टरबद्दल बोललो. त्यानंतर जे फोन आले त्यांत सगळ्यात जास्त विचारणा झाली ती क्लचची. शब्द प्रत्येकीचे वेगळे, पण प्रश्न एकच: मेकॅनिक म्हणतो क्लच गेला, ट्रॅक्टर खोलावा लागेल. तर तो खरंच गेलेला असतो का?

कधी खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा ते दहा-पंधरा मिनिटांचं, दोन पान्यांचं काम असतं. या दोन्हींत फरक किती, ते आधी ऐका. क्लचची प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध खोलून त्याचे दोन भाग करावे लागतात. इंजिन आणि पुढची चाकं एकीकडे, गिअरबॉक्स आणि मागची चाकं दुसरीकडे. प्लेट आत असते, मध्ये. तिच्यापर्यंत पोहोचायला दुसरी वाट नाही. सामान हाताशी असलं तरी दिवस जातो, नसलं तर तीन-चार दिवस कुठे गेले कळत नाही.

आणि क्लच जातो तो नेमका कामाच्या गर्दीत, कारण जोर तेव्हाच पडतो. मृगाचा पाऊस झाला, जमिनीला वापसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. गटाचा ट्रॅक्टर असला की नंबर लावलेले असतात. ट्रॅक्टर दुकानात जाऊन बसला की मागच्या नंबरवाल्या बाया भाड्याचा दुसरा ट्रॅक्टर शोधत फिरतात, आणि दोन एकरवालीच्या बांधावर त्या गर्दीत कोणी लवकर येत नाही.

दुसरी गोष्ट भांडणाची. क्लच जळाला की बैठकीत पहिलं बोट ड्रायव्हरकडे जातं. पगारातून पैसे कापायची भाषा होते. कधी ते बरोबर असतं, कधी अगदी अन्यायाचं. म्हणून आज आपण क्लच समजून घेऊ, तो तपासायचा कसा आणि बसवायचा कसा ते बघू, आणि चूक कोणाची हे ओळखायचं कसं तेही बघू.

जुनी पिठाची गिरणी आठवते का? इंजिन चालू असायचं, पण जातं थांबलेलं. गिरणीवाला लाकडी दांड्याने पट्टा एका चाकावरून शेजारच्या चाकावर सरकवायचा आणि जातं फिरायला लागायचं. इंजिन बंद न करता जातं थांबवायची ती सोय होती. ट्रॅक्टरमध्ये हेच काम क्लच करतो. इंजिन फिरतं राहतं आणि आपण ठरवतो की ती फिरकी गिअरबॉक्सपर्यंत कधी जाऊ द्यायची.

पट्ट्याच्या जागी इथे एक गोल प्लेट असते. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्या मागून दाबणारी प्रेशर प्लेट. दोन ताटांमध्ये भाकरी घट्ट दाबून धरावी तशी ही क्लच प्लेट दोन लोखंडी तोंडांमध्ये दाबलेली असते. दाब स्प्रिंगचा. पाय पेडलवर नसतो तेव्हा स्प्रिंग पूर्ण जोराने दाबतात, तिघं मिळून एकजीव फिरतात आणि इंजिनची ताकद चाकाकडे जाते. पेडल दाबलं की एक बेअरिंग पुढे सरकतं आणि बोटांसारख्या पट्ट्यांवर टेकतं. मेकॅनिक त्यांना फिंगर म्हणतात. फिंगर दाबल्या की प्रेशर प्लेट मागे ओढली जाते आणि मधली प्लेट मोकळी होते. त्या बेअरिंगला रिलीज बेअरिंग म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. पाय उचलल्यावर ते बेअरिंग फिंगरला टेकलेलं नसावं. मध्ये थोडी फट हवी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती फट आपल्याला दिसत नाही, पण पेडलवर कळते. पेडल हलक्या हाताने दाबलं तर सुरुवातीला ते सहज खाली जातं, काही विरोध नसतो, आणि मग एकदम जड लागतं. जड लागेपर्यंतचं अंतर म्हणजे फ्री प्ले, आपल्या भाषेत मोकळी चाल. बहुतेक ट्रॅक्टरना ही चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर लागते. तुमच्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि तोच धरायचा. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या. तो ट्रॅक्टरसोबतचा तुमचा हक्क आहे, उपकार नाहीत.

ही चाल आपोआप कमी होत जाते. प्लेट घासून पातळ होते तसतशी प्रेशर प्लेट पुढे सरकते आणि फिंगर मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात. फट भरत जाते. एक दिवस मोकळी चाल शून्य होते. तेव्हा पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरवर टेकलेलं असतं, म्हणजे कोणी तरी दिवसभर क्लच थोडासा दाबून धरल्यासारखं. प्लेटवरचा दाब कमी पडतो, ती घसरायला लागते, घसरली की तापते आणि तापली की जळते. वेळेवर दोन पाने लावले असते तर वाचली असती अशी प्लेट अशाने मरते, आणि बैठकीत आपण ड्रायव्हरला विचारतो, काय केलंस रे?

मोकळी चाल जास्त झाली तरी त्रासच. मग पेडल पूर्ण दाबूनसुद्धा प्लेट पुरती सुटत नाही. गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो, पेडल दाबलेलं असूनही ट्रॅक्टर पुढे ओढत राहतो. या वेळी नुकसान गिअरचे दात सोसतात.

मोजायला शाळेतली पट्टी पुरते. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, किल्ली काढून पदराला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पट्टी पेडलच्या बाजूला उभी धरा आणि पेडल वर असताना कुठे आहे ते बघा. मग पायाने नाही, हाताने पेडल दाबा. हाताला जड लागलं की थांबा आणि पुन्हा बघा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मोकळी चाल. एकीने पेडल दाबायचं आणि दुसरीने पट्टी वाचायची. ज्यांचे डोळे चाळिशीला आले आहेत त्यांनी पेडल दाबावं.

चाल कमी-जास्त असेल तर पेडलपासून खाली, क्लचच्या घराच्या बाजूला जाणारा दांडा शोधा. त्याच्या एका टोकाला आटे आणि त्यावर चेक नट असतो. चेक नट सैल करायचा. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये टोकाची पिन काढून पुढचा जोड फिरवावा लागतो, काहींमध्ये पिन न काढताही जमतं. कोणत्या दिशेला फिरवायचं याची घोकंपट्टी करू नका, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. एक फेरा फिरवा, जोड परत लावा, पट्टीने मोजा. वाढतंय की घटतंय ते पट्टीच सांगते. आकडा बरोबर आला की चेक नट घट्ट करा, आणि घट्ट केल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण नट आवळताना दांडा थोडा फिरतोच. पिनेतली स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. ती दोन-चार रुपयांची वस्तू आहे. तिच्या जागी तार बांधलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता नवल वाटत नाही. पण ती तार उतारावर तुटली तर पेडल सैल पडतं आणि क्लच हातचा जातो.

बाहेरून आपण करायचं ते एवढंच. आतल्या फिंगरची उंची सारखी करणं, दोन प्लेटच्या क्लचमधला पीटीओचा बोल्ट लावणं ही मेकॅनिकची कामं. त्यासाठी मापाचं खास हत्यार लागतं आणि अंदाजाने केलं तर क्लच थरथरतो.

मोजलेला आकडा रजिस्टरमध्ये लिहा. तारीख, मीटरवरचे तास, मोकळी चाल किती सापडली आणि किती ठेवली. महिन्याला एकदा, हंगामात पंधरा दिवसांनी. हे रजिस्टर म्हणजे प्लेटची नाडी. जूनमध्ये २५ ठेवली, ऑगस्टमध्ये २० सापडली, तर प्लेट हळूहळू, आपल्या वयाने घासते आहे. ते ठीक. पण २५ ठेवलेली पंधरा दिवसांत १० वर आली तर प्लेट कोणी तरी खातं आहे. मग ड्रायव्हरशी बोलायचं, पण आकडा समोर ठेवून. त्या पंधरा दिवसांत काय काम केलं, ट्रॉलीत किती माल भरला, चिखलात अडकला होता का, हेही विचारायचं. जास्त माल भरायला गटानेच सांगितलं असेल तर ती प्लेट ड्रायव्हरच्या नावावर कशी टाकणार? आणि दांड्यावरचे आटे संपेपर्यंत फिरवूनही चाल मिळत नसेल, तर प्लेटचं आयुष्य संपत आलं. ते हंगामाआधी कळलं तर मे महिन्यात, दुकान रिकामं असताना काम करून घेता येतं.

आता लक्षणं. नांगराला किंवा भरल्या ट्रॉलीला जोर लागला की इंजिनचा आवाज चढतो आणि ट्रॅक्टर मात्र मंदावतो. मागची चाकं जागच्या जागी फिरत असतील तर तो चाकाचा घसरा. जमीन ओली आहे, क्लचचा दोष नाही. चाकं मंदावली आणि इंजिन ओरडतंय, तर क्लच घसरतोय. सोबत जळका, उग्र वास येतो. वास आला की त्या क्षणी थांबायचं, ओझं कमी करायचं, ट्रॅक्टर थंड होऊ द्यायचा आणि आधी मोकळी चाल बघायची. ‘एवढी दोन तासं संपवू’ म्हणून ओढलेली दोन तासं फ्लायव्हीललाही डाग पाडतात आणि मग खर्च नुसत्या प्लेटवर भागत नाही.

ट्रॅक्टर उचलताना धडधड, थरथर होत असेल तर प्लेटवर तेल आलेलं असू शकतं किंवा फिंगर वरखाली झालेल्या असतात. यावर बाहेरचा दांडा फिरवून काही होत नाही.

आवाजाचं एक सोपं गणित आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पेडल दाबल्यावर किर्रर्र आवाज सुरू झाला आणि सोडल्यावर थांबला, तर रिलीज बेअरिंग बिघडलंय. उलट पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि दाबल्यावर थांबतो, तर दुखणं पलीकडे, गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये आहे. मेकॅनिककडे जाताना एवढं सांगता आलं तरी त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. हा माझा अनुभव आहे.

गिअर टाकताना खरखर होत असेल तर आणखी एक बघा. इंजिन हळू चालू ठेवून पेडल पूर्ण दाबा आणि मनात चार आकडे मोजा, मग गिअर टाका. आवाज न करता पडला तर क्लच बरा आहे, हात घाई करत होता. चार मोजूनही खरखर असेल तर क्लच पुरता सुटत नाही. मोकळी चाल मोजा.

प्लेट जास्त करून कशाने मरते म्हणाल तर अर्ध्या क्लचने. पेडलवर नुसता पाय टेकवून ट्रॅक्टर चालवायची सवय अनेकांना असते. पाय टेकला की मोकळी चाल संपते, बेअरिंग फिरत राहतं आणि प्लेट किंचित सैल होते. बैलगाडीच्या जुवावर हात ठेवून चालावं तसं त्या माणसाला वाटतं, पण इथे त्या हाताचं वजन प्लेट भरते. चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर धरून ठेवणं हा त्याच सवयीचा मोठा भाऊ. पाय ठेवायचा तो फूटबोर्डवर. आणि ही गोष्ट ड्रायव्हर पुरुष असो की गटातली आपली ताई, दोघांनाही सारखीच सांगायची. आपल्या ताईला सांगताना थोडं जास्तच ठासून सांगितलं जातं असं मी पाहते. ते मला पटत नाही.

दोन प्लेटचा क्लच ज्यांच्या ट्रॅक्टरला आहे त्यांनी हे ऐका. पेडल अर्धं दाबलं, पहिला टप्पा आला की चाकं थांबतात पण पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. मळणी यंत्र किंवा रोटाव्हेटर चालवताना ही सोय फार उपयोगी, पण याचा अर्थ असा की ट्रॅक्टर थांबला म्हणजे मागचा दांडा थांबला असं नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक, ओढणी, सैल वेणी, पोत्याची सुतळी यांतलं काहीही त्यात गुंतलं तर ‘थांब’ म्हणायला वेळ मिळत नाही. म्हणून दांड्यावरचं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं आवरण काढून ठेवायचं नाही, आणि मळणीत अडकलेला पेंढा काढायचा तो इंजिन बंद करून, किल्ली हातात घेऊनच. काही नव्या ट्रॅक्टरना पीटीओचा क्लच वेगळा, हाताच्या दांड्यावर असतो. तुमच्याकडे कोणता आहे ते विक्रेत्याला विचारून यंत्राजवळ काम करणाऱ्या सगळ्या जणींना दाखवून ठेवा. नुसतं ड्रायव्हरला माहीत असून भागत नाही.

क्लचच्या दुसऱ्या तीन गोष्टी जिवावरच्या आहेत. पहिली, उतार. भरली ट्रॉली घेऊन उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडायचा नाही. डिझेल वाचतं असं सांगणारे भेटतील. इंजिनचा आधार सुटला की सगळं वजन ब्रेकवर येतं आणि मागची ट्रॉली ढकलायला लागते. मग परत गिअर टाकायला जावं तर तो पडत नाही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि क्लचवरून पाय काढा. दुसरी, चिखल. फसलेला ट्रॅक्टर काढायला इंजिन ताणून क्लच झटक्यात सोडला तर मागची चाकं रुतलेली राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. दोरखंड किंवा साखळी वरच्या जोडाला बांधली असेल तर आणखी लवकर. चाकापुढचा चिखल उकरा, मागे येऊन बघा, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, पण क्लच झटक्याने सोडू नका. तिसरी, सेल्फ. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागत नाही, अशी सोय मुद्दाम केलेली असते. ती वायर तोडून थेट जोडलेली असेल तर परत लावून घ्या. खाली उभं राहून चालू केलेला ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो समोरच्या माणसाला ओळखत नाही.

क्लचच्या घराच्या तळाशी एक छोटं भोक असतं. त्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण ते पुष्कळ काही सांगतं. त्यातून तेल ठिबकत असेल तर आतल्या दोन सीलपैकी एक गेलं आहे. तेल पातळ आणि काळं असेल तर ते इंजिनकडचं, घट्ट आणि गिअर ऑइलच्या वासाचं असेल तर गिअरबॉक्सकडचं. दोन्हींतलं कुठलंही तेल प्लेटवर गेलं की प्लेट घसरणारच, मग नवी टाकली तरी. कोकणात, भंडारा-गोंदियात भातखाचरात चिखलणी करणाऱ्या बायांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. चिखलणीआधी या भोकाला बूच लावतात म्हणजे चिखलाचं पाणी आत जात नाही. चिखलणी संपली की बूच काढायचं, आत शिरलेलं पाणी जाऊ द्यायचं. काढायला विसरलं तर ठिबकणारं तेलही आतच साठतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

पेडलच्या सांध्याला ग्रीसचं निप्पल असतं. तिथे पुस्तिकेत सांगितलं तसं ग्रीस द्या, म्हणजे पेडल पूर्ण वर येतं. पण क्लचच्या घरात हौसेने ग्रीस, तेल, डिझेल मारू नका. प्लेट कोरडीच हवी.

समजा प्लेट बदलायचीच वेळ आली. ट्रॅक्टर एकदा खोलला की मजुरी लागलीच. म्हणून त्याच वेळी रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची सील बघून घ्यायला सांगा. शंकेचं जे असेल ते तेव्हाच बदला. पैसे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते दोन महिन्यांनी ओरडलं, तर पुन्हा ट्रॅक्टरचे दोन भाग. गटातली एक तरी जण खोलताना तिथे उभी असावी, आणि जुनी प्लेट मागून घ्यावी. ती प्लेट बोलते. तिच्या रिव्हेटची डोकी घासून सपाट झाली असतील, सगळीकडे सारखी पातळ झाली असेल, तर ती म्हातारी होऊन गेली. पृष्ठभाग काळा, भाजलेला, लोखंडावर निळे डाग, तर उष्णतेने गेली: अर्धा क्लच, जास्त ओझं किंवा मोकळी चाल शून्य. तेलकट, चकाकती असेल तर सीलने मारली, आणि त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. बैठकीत ही प्लेट मधोमध ठेवा, रजिस्टर शेजारी ठेवा, मग बोला.

गिअरबॉक्सबद्दल थोडं. त्याची मुख्य सेवा म्हणजे ऑइल आणि हात. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर चालत्या गाडीत बदलण्यासाठी बनवलेले नसतात. शेतात गिअर बदलायचा तर ट्रॅक्टर थांबवून, आणि हाय-लोचा दांडा तर थांबल्याशिवाय हलवायचाच नाही. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून चालवायची ऐट नको, कारण त्या हाताच्या भाराने आतला काटा झिजतो. गिअर आपोआप निसटत असेल तर तो दोरीने बांधून चालवणारे आहेत. आतली स्प्रिंग किंवा काटा गेल्याची ती सूचना असते, दोरीने ती मिटत नाही.

ऑइल बघताना ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, मागचे हायड्रॉलिकचे हात खाली टेकवलेले. हात वर असले तर हायड्रॉलिकमधलं ऑइल परत आलेलं नसतं आणि डिपस्टिक कमी दाखवते. काडी पुसून घालायची, काढायची, दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्तही नको, फेस होतो. काडीवरचं ऑइल ताकासारखं, दुधट दिसलं तर आत पाणी गेलं आहे. चिखलणीनंतर आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने ट्रॅक्टर धुतल्यावर हे हमखास बघा. तसं ऑइल ‘हंगाम संपू दे’ म्हणून ठेवू नये, बेअरिंग गंजतात. बदलायची मुदत अनेक कंपन्या १००० तास किंवा वर्ष अशी देतात, आणि नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली त्याच्या बरीच आधी असते. ऑइल सोडताना तळाच्या चुंबकाच्या बुचाकडे बघा. त्यावर राखाडी, काजळासारखा मऊ लेप असेल तर काळजी नाही. बोटाला टोचणारे कण, चकत्या लागल्या तर ते दात आहेत, मेकॅनिकला दाखवा.

ऑइल कोणतं घालायचं यात काटकसर नको. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या तिघांना एकच ऑइल पुरवतं. तिथे कोणी ‘नव्वद नंबरचं टाका, सगळ्याला चालतं’ म्हणालं तर पुस्तिका उघडा. काहींना ते चालतं, काहींच्या ब्रेकचं वाटोळं होतं. दोन जातींची ऑइल मिसळायची नाहीत. आणि गिअरबॉक्सवर हवा जायला एक छोटी टोपी असते, तिचा माती-भुसा काढत जा. ती बुजली की आतली गरम हवा सीलमधून वाट काढते आणि ऑइल गळायला लागतं. मग चांगलं सील बदलण्यात पैसे जातात.

एक राहिलं. काम संपून ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर दमट हवेने क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. मग पेडल कितीही दाबलं तरी सुटत नाही. यावर बहुतेक पुस्तिकांतला उपाय सोपा आहे: पेडल पूर्ण दाबून ते तसंच राहील असा लाकडी ठोकळा अडकवायचा. इंजिन बंद, चाकांना दगड, किल्ली कपाटात. ठोकळा घातल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे अंधारात कोणी घाईने चालू करायला गेलं तर कळेल.

पुढच्या भागात हायड्रॉलिक. तोपर्यंत मोकळी चाल मोजून ठेवा आणि आकडा केंद्रावर फोन करून सांगा, ट्रॅक्टर कोणता तेही सांगा. नमस्कार.